एकसष्टावं पान

मॅनेजरने पुस्तक टेबलावर ठेवलं, मधेच उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवून पुढे सरकवलं.

"वाचा, मिस्त्री."

मिस्त्रींनी ओळ वाचली नाही. आधी पान पाहिलं. पान पांढरंशुभ्र होतं. कोपरा मुडपलेला नाही, डाग नाही, बोटाचा ठसा नाही. लाँड्रीतल्या बॉयलरबरोबर बावीस वर्षांपूर्वी आलेलं हे पुस्तक. त्यातली मिस्त्रींच्या ओळखीची पानं तेलाने पिवळी पडलेली होती. काही तर इतकी तेल प्यायलेली, की उजेडाला धरली तर मागचा मजकूर पुढे दिसायचा.

"हे पान आमच्या पुस्तकातलं नाही," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे?"

"मागाहून घातलंय."

मॅनेजर हसला. तो चिडला असता तर मिस्त्री कदाचित विचारात पडले असते. हसला म्हणून त्यांची खात्री पटली.

तसे ते कशावर चटकन विश्वास ठेवणारे नव्हतेच. लाँड्रीत त्यांचं नाव पडलं होतं 'खातरजमा'. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून पाहत, जिना उतरत, आणि चौथ्यांदा ओढायला वर येत. डॉक्टरने गोळी दिली तर पाकिटावरची तारीख पाहत, मग डॉक्टरकडे पाहत. बायको म्हणायची, "अहो, लग्नाच्या दिवशी मंडपात यांनी मला विचारलं होतं, धाकटी ती तूच ना?" यावर सगळे हसत. मिस्त्री हसत नसत. चूक होऊ शकली असती, असं त्यांचं अजूनही मत होतं.

पण बॉयलरवर हाच स्वभाव कामी येतो. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं त्या वाफेवर धुतलं आणि वाळवलं जायचं. बॉयलर बिघडला की दोनशे माणसं हात बांधून बसणार. मिस्त्री पाळीला अर्धा तास आधी येत. गेज ग्लास म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची उभी नळी. ती ते रोज धुऊन, पुसून, पाणी खाली-वर करून पाहत. नळी खरं बोलते की नाही याची खात्री पटल्याशिवाय बर्नर पेटवत नसत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले तिघे आज दुसरीकडे बॉयलर चालवतात. तिघांच्याही शर्टाच्या खिशात पुसायचं फडकं असतं.

तरी त्या मंगळवारी सकाळी व्हायचं ते झालं.

पाणी ढकलणाऱ्या पंपाची जाळी गाळाने तुंबली. बॉयलरमधलं पाणी उतरू लागलं. पाणी उतरलं की फ्लोट, म्हणजे आतला तरंगता गोळा, खाली बसतो आणि बर्नर आपोआप बंद होतो. त्या दिवशी गोळा खाली बसलाच नाही. तो ज्या डब्यात तरंगतो त्या डब्यातही गाळ साचला होता. गोळा वरच अडकून राहिला, बर्नर जळत राहिला. मिस्त्री तेव्हा पलीकडच्या, पाणी मृदू करणाऱ्या टाकीत मीठ टाकत होते. त्यांनी पाहिलं नाही, ऐकलं. बॉयलरचा आवाज कोरडा झाला. ज्याने वर्षानुवर्षं तो आवाज ऐकलाय त्यालाच हे कळतं, सांगून कळत नाही. हातातलं घमेलं टाकून ते धावले आणि भिंतीपलीकडे जाऊन बर्नर बंद केला. मॅनेजर धावत आला आणि हाताने पंप सुरू करायला निघाला. मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं. तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी गेलं असतं तर छप्पर उडालं असतं.

कुणाला खरचटलंही नाही. पण अकरा नळ्या वाकल्या आणि लाँड्री नऊ दिवस बंद राहिली.

दहाव्या दिवशी मॅनेजरने कागद लिहिला : फ्लोटच्या डब्याची चाचणी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे रोज केली गेली नाही, सबब बॉयलर चालवणारा जबाबदार. मिस्त्रींचा परवाना जमा करून घेतला. गुरुवारी सरकारी निरीक्षक येऊन सुनावणी घेणार होते. परवाना रद्द झाला तर मिस्त्रींना या वयात कुठल्याही बॉयलरला हात लावता येणार नव्हता. फाटकावर खुर्ची टाकून बसायचं काम मिळालं असतं. ते त्यांना नुसतं बसणं वाटे, काम वाटत नसे.

"पुस्तकात नव्हतंच ते," त्यांनी युनियनवाल्याला सांगितलं. "वस्तादांनी मला हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दाखवलंय."

हे पूर्ण खरं नव्हतं. वस्ताद म्हणजे मिस्त्रींना काम शिकवणारे जुने बॉयलरवाले. त्यांनी पुस्तक दाखवलं होतं ते असं : कणा टेबलावर टेकवायचा, दोन्ही हात सोडायचे. पुस्तक आपणहून उघडेल. "तेल सांगेल ते पान वाच," वस्ताद म्हणायचे. "जिथं कामाच्या माणसाचे हात लागलेत तेवढंच पुस्तक खरं. बाकीचं साहेब लोकांनी जाडी वाढवायला छापलेलं." त्या तेलकट पानांवर वस्तादांनी नोकरीची शेवटची वर्षं काढली. त्यांच्या मागे मिस्त्रींनी आपली काढली. कोरं पान म्हणजे बिनकामाचं पान, हे लाँड्रीच्या बॉयलरखोलीत कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण पाळत सगळे होते.

युनियनवाला तरुण होता, उत्साही होता. त्याने दुपारपर्यंत सगळ्या लाँड्रीत पसरवलं : मॅनेजरने पुस्तकात पान घुसवलं. मग तो मॅनेजरकडे जाऊन भांडला आणि सुनावणीपर्यंत दोन दिवस पुस्तक मिस्त्रींकडे द्यायचं असं ठरवून आला.

"लगेच दिलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"लगेच. सही घेतली आणि दिलं."

"भांडला नाही?"

"नाही हो, काका."

"मग काहीतरी घोळ आहे."

पुस्तक फडक्यात गुंडाळून मिस्त्री घरी निघाले. वाटेत दोनदा थांबून फडकं उघडलं आणि तेच पुस्तक आहे ना, हे पाहिलं.

त्यांची थोरली बहीण वरच्या मजल्यावर राहत असे. सगळे तिला अक्का म्हणत. तिने छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितं तपासली होती, म्हणजे छपाईआधी पान न् पान वाचून चुका काढल्या होत्या. गणिताची पुस्तकं, शेतीची पुस्तकं, शिवणयंत्रांची माहितीपत्रकं, काय वाटेल ते. डोळे आता अधू झाले होते, पण भिंग होतं आणि जीभ शाबूत होती.

मिस्त्रींनी पुस्तक तिच्या टेबलावर ठेवलं. "अक्का, हे एकसष्टावं पान खोटं आहे. सिद्ध करून दे."

"आधी सिद्ध करायचं आणि मग बघायचं का?"

"तू बघ तर."

अक्काने पुस्तक घेतलं. मिस्त्रींना वाटलं ती एकसष्टावं पान उघडेल. तिने पहिलं उघडलं.

"तिथं काही नाही," मिस्त्री म्हणाले. "नावं-गावं असतील."

"शंका घेतोस ना? मग नीट घे. शंकेलाही पद्धत असते. कुणाच्या घरी चोरी झाली तर पोलीस आधी काय विचारतो? घरात माणसं किती, खोल्या किती. ही बघ, अनुक्रमणिका. पुस्तकाच्या खोल्या इथं लिहिलेल्या असतात."

मिस्त्रींनी चष्मा लावला. इतक्या वर्षांत हे पान त्यांनी पाहिलं नव्हतं. सहा प्रकरणं होती. पाचव्याचं नाव 'सुरक्षा साधने'. त्याच्या पोटात बारीक अक्षरांत चार ओळी, प्रत्येकीपुढे ठिपक्यांची रांग आणि रांगेच्या टोकाला आकडा. तिसरी ओळ होती : फ्लोटच्या डब्याची दैनंदिन चाचणी, आणि आकडा एकसष्ट.

"हे पानही कोरंच आहे," मिस्त्री म्हणाले. "एक पान घालणारा दोन घालील."

"घालील की. पुढे चल." तिने मधला भाग उघडला. "पानाच्या डोक्यावर ही बारीक ओळ दिसते? डाव्या पानावर पुस्तकाचं नाव, उजव्या पानावर प्रकरणाचं नाव. रस्त्याच्या कोपऱ्यावर पाटी असते तशी. माणूस मधेच येऊन पडला तरी आपण कुठं आहोत ते कळावं म्हणून. एकसष्टावर काय आहे?"

"सुरक्षा साधने."

"एकोणसाठवर? त्रेसष्टवर?"

"तेच."

"आता चित्रं. बावन्नवर कितवी आकृती?"

बावन्नवं पान मिस्त्रींच्या ओळखीचं होतं. सेफ्टी व्हॉल्व्हचं. चित्रातली स्प्रिंग तेलाने अर्धी पुसलेली. त्याखाली लिहिलं होतं, आकृती १३. ती ओळ त्यांनी आज प्रथम वाचली. एकसष्टवर चौदा होती. चौसष्टवर पंधरा.

"मधे पान घुसवलं असतं तर चौदा कुठून आणली असती?" अक्का म्हणाली. "पंधराची चौदा करावी लागली असती, सोळाची पंधरा, शेवटपर्यंत."

"केलं असेल."

"तुझा मॅनेजर इतका कष्टाळू आहे?"

मिस्त्रींनी चष्मा पुसला. मॅनेजर स्वतःची खुर्चीही स्वतः सरकवत नसे.

तेवढ्यात बायको चहा घेऊन वर आली. टेबलावर पुस्तक, भिंग आणि नवऱ्याचं तोंड पाहून म्हणाली, "वन्सं, यांना उत्तर देऊ नका. उत्तर दिलं की यांना दुसरी शंका येते. मी अठ्ठावीस वर्षांपूर्वीच बंद केलं."

"तू पुस्तकाशेजारी कप ठेवू नकोस," मिस्त्री म्हणाले. "डाग पडला तर मॅनेजर म्हणेल आम्हीच पाडला."

अक्का आता शेवटी गेली. तिथं दोन रकान्यांत नुसते शब्द होते, मुळाक्षरांच्या क्रमाने. "ही सूची. अनुक्रमणिका सांगते पुस्तकात काय क्रमाने आहे. सूची सांगते तुला हवी ती वस्तू कुठं-कुठं आहे. फ्लोट काढ."

मिस्त्रींनी बोट फिरवलं. फ्लोट. पुढे तीन आकडे होते : बारा, पस्तीस, एकसष्ट.

"हेही पान कोरं," ते म्हणाले, पण या वेळी आवाज जरा उतरला होता. "अख्खं पुस्तकच नवीन छापून, थोडी पानं तेलात बुडवून..."

"अरे, ऐक. बारा आणि एकसष्ट सोड. पस्तीस काढ. ते तरी तुझं आहे ना?"

पस्तीस त्यांचंच होतं. कणा टेकवून हात सोडले की पुस्तक आपणहून उघडायचं ते या पानावर. गेज ग्लास कसा धुवायचा. ते त्यांना पाठ होतं. डोळे मिटून त्यांनी म्हणून दाखवलं असतं. पानाचा खालचा उजवा कोपरा काळाकुट्ट होता. एका हाताने झडप फिरवायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान दाबून धरायचं, अशी ती जागा. त्या काळ्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, आणि ठशातून एक तिरकी पांढरी रेघ गेली होती. मिस्त्रींच्या उजव्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याची तशीच तिरकी खूण आहे.

"यात फ्लोट कुठं आहे?" ते म्हणाले. "मला पाठ आहे हे पान. यात फ्लोट नाही."

अक्काने भिंग कोपऱ्यावर धरलं. मग खिडकीजवळ जाऊन पान उजेडाला धरलं. तिने भिंग त्यांच्या हातात दिलं. "तूच बघ. मी सांगितलं तर तुला खरं वाटणार नाही."

काळ्या तेलाखाली, त्यांच्याच अंगठ्याखाली, शेवटच्या ओळीच्या टोकाला कंस होता. कंसात छापलं होतं : पाहा पृ. ६१, आकृती १४.

मिस्त्रींनी भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. अंगठा त्या जागी ठेवून पाहिला. बरोबर बसला. मग उचलला. अक्षरं तिथंच होती. हे पान कुणी बदललेलं नव्हतं. यावरचं तेल त्यांचंच होतं. त्याखालची शाई तेलाच्या आधीची होती.

"बावीस वर्षं," ते म्हणाले.

"एकसष्टचा कागद जरा ओढून बघ," अक्का म्हणाली. "हळू." त्यांनी ओढला. दोऱ्यापलीकडे बावन्नवं पान हललं. तेलकट, स्प्रिंगवालं. "एकच कागद आहे तो, घडी घालून शिवलेला. एक टोक तू रोज वाचलंस, दुसरं कधीच नाही."

बायको दारातच उभी होती. तिने विचारलं, "म्हणजे यांचीच चूक?" आणि कप उचलून खाली गेली.

मिस्त्रींनी पुस्तक फडक्यात बांधायला घेतलं. युनियनवाल्याने सगळीकडे पसरवलं होतं. गुरुवारी सुनावणीत तो ओरडून सांगणार होता, पान घुसवलं. निरीक्षक काही पुस्तक खिडकीत धरून बघणार नव्हते. पान इतकं कोरं होतं की निदान शंका तरी राहिली असती, आणि शंकेवर माणूस सुटतो. हे मिस्त्रींना कळत होतं. अक्कालाही कळत होतं.

"गाठ मारतोस?" ती म्हणाली.

"मग काय करू?"

"मी मघापर्यंत तुझ्या बाजूने होते. आता मला त्या पानाची बाजू घ्यावी लागते. अडतीस वर्षांची सवय आहे. पण एक सांगू? तू ते पान अजून वाचलेलंच नाहीस. खरं की खोटं एवढंच बघितलंस. सापडलंय तर वाच आता. वरपासून खालपर्यंत."

मिस्त्रींनी गाठ सोडली.

पान साधं होतं. वर ठळक मथळा. मग एक, दोन, तीन असे आकडे घालून कृती. बर्नर चालू असताना डब्याखालची झडप उघडावी. पाणी आणि गाळ वाहून जाऊ द्यावा. गोळा खाली येऊन बर्नर विझतो की नाही हे पाहावं. बाजूला आकृती, तिच्या भागांना बाण आणि बाणांना नावं. खाली जाड काळी चौकट : बर्नर न विझल्यास बॉयलर चालवू नये. मिस्त्री प्रत्येक ओळीला थांबत गेले. पाच मिनिटांचं काम होतं. रोजचं पाच मिनिटांचं, त्यांनी केलं असतं. त्यांनी कधी कामाला नाही म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या आकड्याच्या ओळीशेवटी एक छोटी चांदणी होती.

"हा ठिपका कसला? शाई सांडली?"

"बावीस वर्षांत पहिला चांगला प्रश्न विचारलास," अक्का म्हणाली. "तशीच चांदणी पानाच्या तळाशी शोध. सांगायचं असतं, पण कामाची ओळ मधे तोडायची नसते, तेव्हा ते खाली नेऊन ठेवतात. तळटीप."

तळाशी रेघ होती. रेघेखाली मुंगीएवढी अक्षरं. मिस्त्रींनी भिंग धरून एकेक शब्द उचलला. 'फ्लोटच्या डब्यापाशी उभे राहून बर्नर दिसत नसल्यास ही चाचणी दोन माणसांनी मिळून करावी. एकाने झडपेपाशी व दुसऱ्याने बर्नरपाशी थांबावे. एकट्याने करू नये.'

मिस्त्रींनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी अक्काकडे पाहिलं.

"इतकं बारीक का छापलं? कुणाला वाचू द्यायचं नव्हतं?"

"झाली सुरुवात," अक्का म्हणाली.

बॉयलर आला तेव्हा बर्नर आणि डबा एकाच खोलीत समोरासमोर होते. दोन वर्षांपूर्वी मॅनेजरने वाळवणीखान्याला जागा हवी म्हणून मधे भिंत घातली. त्याच महिन्यात बॉयलरवरचा दुसरा माणूस काढून इस्त्रीला लावला. मिस्त्रींना भिंत आठवली. त्या मंगळवारी तिला वळसा घालून धावलेली पावलंही आठवली.

गुरुवारी सकाळी ऑफिसात चौघं बसले. निरीक्षक जाडजूड होते, कमी बोलत. मॅनेजरने कागद वाचून दाखवला. युनियनवाला खुर्चीच्या कडेवर आला होता.

"साहेब, ते पान..." त्याने सुरुवात केली.

"पान खरं आहे," मिस्त्री म्हणाले.

टेबलाखाली युनियनवाल्याचा बूट त्यांच्या पायावर पडला. मिस्त्रींनी पाय बाजूला घेतला.

"मी म्हणालो होतो घुसवलंय. मी तपासलं. घुसवलेलं नाही. पस्तिसाव्या पानावर त्याचा उल्लेख आहे, माझ्याच अंगठ्याखाली. मॅनेजर साहेबांवर मी आळ घेतला, तो मागे घेतो."

मॅनेजरने खुर्चीत अंग सैल सोडलं. निरीक्षकांनी मान वर केली.

"मग चाचणी का केली नाहीत?"

"पान उघडलंच नाही. आमचं पुस्तक तेलावर उघडतं. जिथं आधीच्याचा हात लागलाय तिथं. मी नाही उघडलं, माझ्या आधीच्यांनी नाही, मी ज्यांना शिकवलं त्यांनीही नाही."

"हे तुम्ही स्वतःच्या विरुद्ध सांगताय, कळतंय ना?"

"कळतंय. पण एक खातरजमा करायची आहे." मिस्त्रींनी पुस्तक उघडून मॅनेजरपुढे ठेवलं, अगदी त्याने ठेवलं होतं तसं, बोट ठेवून. "साहेबांनी हे पान वाचलंय?"

"मीच तर तुम्हाला दाखवलं," मॅनेजर म्हणाला.

"पूर्ण?"

"पूर्ण म्हणजे काय? हे काय, मथळा, कृती, चौकट."

"चांदणी?"

मॅनेजरने पानावर नजर फिरवली. त्याला चांदणी दिसायला वेळ लागला, आणि तळाची रेघ दिसायला त्याहून जास्त. त्याने वाचलं. मग कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. निरीक्षकांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि तळटीप मोठ्याने वाचली.

"डब्यापाशी उभं राहून बर्नर दिसतो?"

"मधे भिंत आहे," मिस्त्री म्हणाले. "दोन वर्षांपासून."

"दुसरा माणूस?"

"इस्त्रीला," युनियनवाला म्हणाला. त्याला आता बोलायला जागा मिळाली होती आणि तो दहा मिनिटं बोलला.

निरीक्षकांनी जाऊन भिंत पाहिली. परत येऊन निकाल लिहिला. मिस्त्रींचा परवाना तीन महिने स्थगित, त्यानंतर परीक्षा, पास झाल्यास परत. भिंतीला काचेची खिडकी पाडेपर्यंत प्रत्येक पाळीत दोन माणसं. मॅनेजरच्या नावाने वेगळं पत्र. कुणीच पूर्ण सुटलं नाही. मिस्त्रींना ते बरोबर वाटलं. सही करण्याआधी त्यांनी निकाल तीनदा वाचला.

"काय पाहताय आता?" निरीक्षक म्हणाले.

"दोन माणसं लिहिलंय, पण कुठल्या पानावरून ते लिहिलं नाही. उद्या कुणी म्हणेल हे निरीक्षकांनी मनाने घातलं."

निरीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि कंसात लिहिलं : पाहा पृ. ६१, तळटीप.

तीन महिने मिस्त्रींनी फाटकावर खुर्ची टाकून काढले. खुर्चीवर ते पुस्तक वाचत, पहिल्या पानापासून. आत जाणाऱ्या गाड्यांची त्यांनी इतकी कसून तपासणी केली, की मॅनेजरनेच त्यांच्या परीक्षेची तारीख लवकर मागून घेतली, असं लाँड्रीत सगळे म्हणत. मिस्त्रींचा त्यावर विश्वास नव्हता. तारीख लवकर मागण्यात त्याचा काहीतरी डाव असणार.

ते पास झाले. पहिल्या सकाळी अर्धा तास आधी आले. इस्त्रीतून परत आणलेला दुसरा माणूस भिंतीपलीकडे उभा होता. त्याला सगळे घुम्या म्हणत, कारण तो दिवसाकाठी चार शब्द बोलायचा. मिस्त्रींनी बर्नर पेटवून दिला, डब्यापाशी आले आणि खालची झडप उघडली. आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ.

भिंतीपलीकडे शांतता होती.

"अरे, विझला का?"

"हो."

"कधी विझला?"

"मघाशीच."

"मग सांगायचं कुणी?"

"विचारलं नाहीत तुम्ही."

मिस्त्री वळसा घालून गेले आणि विझलेला बर्नर स्वतः पाहून आले. मग चाचणी दुसऱ्यांदा केली. या वेळी घुम्या ओरडला. दोनदा ओरडला, उगाच बोलणी खायला नकोत म्हणून.

काम झाल्यावर मिस्त्रींनी पुस्तक टेबलावर घेतलं. त्यांचे हात तेलाने माखलेले होते. त्यांनी एकसष्टावं पान उघडलं आणि अंगठा कोपऱ्यावर नेला. पुढच्या माणसाच्या हातात पुस्तक इथं उघडावं म्हणून. पण अंगठा टेकवला नाही. इथं डाग पडला तर पुढचा हे पान वाचेल आणि बासष्टावं सोडून देईल. बासष्टाव्यावर काय आहे ते आता त्यांना माहीत होतं.

त्यांनी पानं उलटत उलटत मागे नेली, पार पहिल्यापर्यंत. अनुक्रमणिका अजून कोरी होती. तिथं, खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं एकही अक्षर छापलेलं नव्हतं तिथं, त्यांनी अंगठा दाबून धरला. उचलला, ठसा पाहिला. तिरकी रेघ नीट उमटली नव्हती. अंगठा तेलात बुडवून पुन्हा दाबला.

मग कणा टेबलावर टेकवून हात सोडले. पुस्तक पस्तिसाव्या पानावरच उघडलं.

त्याला वेळ लागणार होता. मिस्त्रींनी फडक्याने हात पुसले आणि घुम्याला हाक मारून गेज ग्लासकडे वळले.